भट्टीतले चिनी खुसखुशीत पदार्थ, कोकणातली दमट हवा आणि सोबतीची वाईन

सागरगोटा

नमस्कार. रत्नागिरीत समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचे घर आहे. जून ते सप्टेंबर या काळात डब्याबाहेर राहिलेली शेव, चकली किंवा खारी तासाभरात सादळते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा हवेत चिनी पद्धतीचे कुरकुरीत पदार्थ तळण्याऐवजी घरच्या ओटीजीमध्ये, म्हणजे विजेच्या लहान ओव्हनमध्ये, भाजून करण्याचा प्रयत्न मी दोन वर्षे चिकाटीने करते आहे. त्यातून जे हाती लागले, ते इथे सविस्तर लिहिते. आपल्यापैकी ज्यांनी असे प्रयोग केले असतील, त्यांनी आपली भर अवश्य घालावी.

सुरुवातीला मी एक मोठी चूक करत होते. गाडीवर मिळणारे तळलेले पदार्थ जसेच्या तसे ओव्हनमधून निघावेत, अशी माझी अपेक्षा होती. आपल्या भाषेत खुसखुशीत आणि कुरकुरीत हे दोन निराळे शब्द आहेत. नानकटाई खुसखुशीत असते, पापड कुरकुरीत असतो, आणि त्यांची अदलाबदल कोणी करत नाही. चिनी भाषेतही हाच भेद 'सू' आणि 'त्स्वेई' या दोन शब्दांनी दाखवतात, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला. पदर सुटणारे, तोंडात विरघळणारे ते 'सू', आणि दाताखाली कडकन मोडणारे ते 'त्स्वेई'. ओव्हनला पहिला गुण सहज साधतो, दुसऱ्यासाठी मात्र त्याची बरीच मनधरणी करावी लागते. त्यामुळे सुरुवात पहिल्या प्रकारापासून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यातला पहिला मान शाओबिंगचा. उत्तर चीनमध्ये नाश्त्याला खाल्ली जाणारी ही तीळ लावलेली, पदरांची रोटी पूर्वापार मातीच्या भट्टीत, आतल्या भिंतीला थापून भाजली जाते. म्हणजे आपल्या तंदूरचीच ती रीत. चिनी घरांतून ओव्हन ठेवण्याची पद्धत फारशी नव्हती, त्यामुळे असे भाजलेले पदार्थ लोक दुकानातून आणत. आपल्याकडेही दिवाळीत नानकटाईचे पीठ मळून, ती थापून, पत्र्याच्या ट्रेमधून बेकरीच्या भट्टीवर भाजायला नेण्याची चाल होतीच. शाओबिंगचे पदर कसे सुटतात, हे वाचत असताना मला एकदम चिरोट्याचा साटा आठवला. आपण तुपात तांदळाचे पीठ किंवा कॉर्नफ्लोर फेसून साटा करतो आणि तो पोळीवर लावून वळकटी करतो. चिनी आचारी तेल चांगले तापवून त्यात मैदा परततो, आणि तो बदामी होऊन खमंग वास सुटला की तोच साटा म्हणून वापरतो. ज्या घरात चिरोटे होतात, त्या घरातल्या हातांना शाओबिंग शिकवावी लागत नाही.

माझे प्रमाण असे आहे. २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल आणि साधारण १५० मिलिलिटर कोमट पाणी घालून मऊ पीठ मळावे आणि ओल्या फडक्याखाली ४० मिनिटे ठेवावे. साट्यासाठी ५० मिलिलिटर तेल तापवून त्यात ६० ग्रॅम मैदा मंद आचेवर परतावा आणि पूर्ण गार होऊ द्यावा, कारण गरम साटा पिठात मुरतो आणि पदर एकमेकांना चिकटतात. पिठाची मोठी पातळ पोळी लाटून तीवर साटा, मीठ आणि मसाला पसरावा, घट्ट वळकटी करावी आणि आठ तुकडे कापावेत. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके चिमटीने बंद करून, तीन घड्या घालून, हलक्या हाताने लंबगोल लाटावे. वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवून ती बाजू पांढऱ्या तिळांच्या ताटलीत दाबावी. २१० अंशांना तापलेल्या ओव्हनमध्ये तिळाची बाजू खाली ठेवून १० मिनिटे आणि मग उलटून आणखी ८ ते १० मिनिटे भाजावे. उलटताना शाओबिंग फुगलेली दिसली, तर लाटणे बरोबर जमले असे समजावे.

मसाल्याविषयी थोडे अधिक लिहिते, कारण या भागात मला सर्वांत जास्त गोडी वाटते. शाओबिंगमध्ये बहुधा सिचुआन मिरीची पूड आणि मीठ घालतात. ती मिरी आपल्याकडे सहज मिळत नाही, पण तिची सख्खी बहीण आपल्या बांगड्याच्या आमटीत असतेच. तिरफळ आणि सिचुआन मिरी या दोन्ही झॅन्थोझायलम या एकाच प्रजातीतल्या आहेत, आणि जिभेला झिणझिण्या आणण्याचा गुण दोघींत आहे. तिरफळाचा वास मात्र अधिक उग्र आणि लिंबाच्या सालीकडे झुकणारा असतो. आतली काळी कडू बी काढून टाकावी, टरफले कोरड्या तव्यावर दोन मिनिटे शेकावीत आणि जाड मिठाबरोबर खलबत्त्यात कुटावीत. आठ शाओबिंगांना सहा-सात तिरफळांची टरफले पुरेत. जास्त झाली, तर सोबतच्या वाईनची चवच कळत नाही.

वाईनकडे वळते. मी प्रथम पदार्थात काय सारण आहे, ते पाहून वाईन निवडत असे. आता बुडवायच्या चटणीकडे पाहते, कारण जिभेवर शेवटी तिचाच अंमल राहतो. नुसत्या खारट, तिळाच्या शाओबिंगबरोबर थंड ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची कोरडी वाईन उत्तम लागते. तिचा आंबटपणा आणि बुडबुडे साट्यातले तेल जिभेवरून धुऊन काढतात आणि दुसरा घास पहिल्यासारखाच ताजा लागतो. चटणी तिखट आणि गोडसर असेल, तर किंचित गोडवा राखलेली शेनिन ब्लाँक ही व्हाइट वाईन घ्यावी. तिखट पदार्थाबरोबर कोरडी आणि जास्त अल्कोहोलची वाईन घेतली, की तिखटाचा दाह वाढतो, आणि थोडी साखर असलेली घेतली, की तो शमतो. नाशिकच्या सुला वाईनरीने २००० साली पहिली वाईन बाजारात आणली, त्या सुरुवातीच्या काळापासून शेनिन ब्लाँक आणि सोविन्याँ ब्लाँक या दोन्ही द्राक्षांची वाईन आपल्या राज्यात होते आहे. त्यामुळे परदेशी बाटली शोधत बसण्याचे कारण नाही.

रापण

सागरगोटाताई, लेख मनापासून आवडला, तरी एका मुद्द्यावर मला आपल्याशी असहमती नोंदवायची आहे. शाओबिंग मुळातच भाजायची आहे, तिच्याविषयी वाद नाही. स्प्रिंग रोल मात्र तळणीतलाच पदार्थ आहे, असे माझे मत आहे. मी मालवणात तीन वेळा तो ओव्हनमध्ये भाजून पाहिला. एकदा कडा करपल्या आणि पोट मऊ राहिले, एकदा बाहेरची मैद्याची पट्टी चामड्यासारखी वातड झाली, आणि एकदा सारणाच्या पाण्याने खालून फुटून ट्रेला चिकटली. तेल १७५ अंशांना असते आणि ओव्हन २०० अंशांना, मग अधिक उष्णता असूनही ओव्हनमध्ये तसा कुरकुरीतपणा का येत नाही, हे मला अजून उमगलेले नाही. आपण हे कसे साधता, ते कृपया सांगावे.

सागरगोटा

रापणदादा, आपला प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. तेल पदार्थाला सर्व बाजूंनी चिकटते आणि उष्णता झपाट्याने आत पोचवते. हवा उष्णतेची फार कच्ची वाहक आहे. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालू शकतो, १७५ अंशांच्या तेलात घालू शकत नाही, यावरून हा फरक ध्यानात येईल. तळणीत पट्टीतले पाणी मिनिटा-दोन मिनिटांत वाफ होऊन निघून जाते. ओव्हनमध्ये त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात सारणातले पाणी पट्टीत उतरत राहते. म्हणून भाजलेल्या स्प्रिंग रोलमध्ये सगळा हिशेब पाण्याचा आहे.

मी तो असा सांभाळते. ३०० ग्रॅम कोबी आणि एक गाजर बारीक उभे चिरून त्याला पाऊण चमचा मीठ चोळते आणि २० मिनिटांनी ते पंच्यात घालून घट्ट पिळते. यातून अर्धी वाटी तरी पाणी निघते. मग लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवून त्यात आले, पातीचा कांदा आणि ही भाजी दोनच मिनिटे परतते. शेवटी एक चमचा कॉर्नफ्लोर दोन चमचे पाण्यात कालवून घालते, म्हणजे उरलेला रस भाजीला धरून राहतो. त्यानंतर सारण परातीत पसरून पंख्याखाली पूर्ण गार करते. सारण कोमट असताना भरले, तर पट्टीच्या आतल्या बाजूला वाफ धरते आणि तिथेच सगळे बिघडते.

पट्टीला दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल लावणे टाळू नये, कारण उष्णता नेण्याचे तेलाचे काम निदान तेवढ्या पातळ थराला तरी करू द्यावे लागते. रोल ट्रेवर थेट न ठेवता लोखंडी जाळीवर ठेवावेत आणि दोन रोलांत दोन बोटांचे अंतर सोडावे. २०० अंशांना १८ ते २० मिनिटे लागतात, आणि मध्ये एकदा उलटावे लागते. ओव्हनमध्ये पंख्याची सोय असेल, तर ती चालू करावी, कारण हलती हवा पदार्थाभोवतीची ओलसर हवा बाजूला सारते. तळलेल्या रोलवर जे फोड येतात, ते या पद्धतीत येत नाहीत, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. जो कडकपणा येतो, तो मला आणि घरच्यांना पुरेसा वाटतो.

सुरंगी

माझा अनुभव पट्ट्यांबाबतचा आहे. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी गोठवलेल्या स्प्रिंग रोलच्या पट्ट्या कधी मिळतात, कधी मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी वीज जाऊन-येऊन त्या एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या असतात. अशा पट्ट्या उलगडताना फाटतात. आमच्या शेजारच्या मुस्लिम कुटुंबातील चाची रमजानमध्ये समोशाच्या पट्ट्या घरी करतात. त्यांनी शिकवलेली रीत मी वापरते. दोन लहान पुऱ्या लाटायच्या, एकीला तेल लावून वर कोरडे पीठ भुरभुरायचे, दुसरी तीवर ठेवून दोन्ही मिळून पातळ लाटायच्या, तव्यावर दोन्ही बाजूंनी नुसत्या शेकायच्या आणि गरम असतानाच एकमेकींपासून सोडवायच्या. तव्यावर डाग पडू द्यायचे नाहीत, पीठ फक्त पांढरट दिसू लागले की काढायच्या. लगेच ओल्या फडक्यात गुंडाळल्या, तर त्या मऊ राहतात.

या पट्ट्यांचे रोल ओव्हनमध्ये विकतच्या पट्ट्यांपेक्षा चांगले होतात, कारण त्या अर्ध्या शेकलेल्याच असतात आणि त्यांच्यातले पाणी आधीच कमी झालेले असते. कडा मैद्याच्या दाट खळीने चिकटवाव्यात. पाण्याने चिकटवलेली कड ओव्हनमध्ये सुटते.

सागरगोटा

सुरंगीताई, आपण फार मोलाची गोष्ट सांगितलीत. वसंताच्या आरंभी चीनमध्ये 'छुनबिंग' नावाच्या पातळ पोळ्या भाजी भरून खातात, आणि त्याही नेमक्या याच पद्धतीने करतात. दोन गोळ्यांमध्ये तेल लावून त्या एकत्र लाटतात आणि भाजल्यावर सोडवतात. स्प्रिंग रोल हा याच वसंतातल्या पोळ्यांच्या परंपरेतला पदार्थ आहे. आपल्या चाचींना माझा नमस्कार सांगावा.

गडनदी

ओव्हनच्या तापमानाविषयी एक तांत्रिक बाब लिहितो, कारण ती लक्षात न घेतल्यामुळे अनेकांचे पदार्थ कच्चे राहतात. आपल्या गावांतून संध्याकाळी विजेचा दाब खाली येतो. विद्युत तापकाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १५०० वॉट देणारा ओटीजी २०० व्होल्टला साधारण ११३० वॉटच देतो, म्हणजे जवळजवळ चौथा भाग शक्ती कमी झाली. मग डायलवर २१० अंश लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात ओव्हन तिथपर्यंत पोचायला फार वेळ घेतो, आणि दार एकदा उघडले की पुन्हा सावरत नाही. साधा ओव्हन थर्मामीटर आत ठेवला, तर खरे तापमान दिसते. माझ्या ओटीजीत डायल आणि थर्मामीटर यांत २५ अंशांचा फरक निघाला. ओटीजी १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावावा आणि भाजण्याचे काम शक्यतो दुपारी उरकावे.

नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हे पदार्थ करण्याचा विचार कोणी करू नये. त्यात पदार्थातले पाणीच तापते आणि बाहेरची हवा थंड राहते, त्यामुळे वाफ पृष्ठभागावर थांबते आणि पट्टी ओली होते. कन्व्हेक्शनची, म्हणजे आत गरम हवा फिरवण्याची, सोय असलेल्या यंत्राची गोष्ट निराळी.

माडाची सावली

आमचे घर गुहागरजवळ आहे. श्रावणात घरी मासे नसतात, आणि सासूबाई व सासरे घरात असल्यामुळे वाईनचाही प्रश्न येत नाही. असे असूनही हा धागा वाचून करून पाहण्याची इच्छा झाली आहे. शाकाहारी सारण आणि वाईनऐवजी दुसरे पेय सुचवाल का? पावसात हे पदार्थ किती वेळ टिकतात, तेही कृपया सांगावे.

सागरगोटा

ताई, चीनमध्ये असल्या खाण्याबरोबर मुख्य पेय चहाच असते. दक्षिणेकडे या प्रकारच्या फराळाला 'यम चा' म्हणतात, आणि त्याचा अर्थच मुळी 'चहा पिणे' असा आहे. दूध-साखर न घालता केलेला जाईच्या फुलांचा चहा किंवा ऊलाँग घ्यावा. चहातला तुरटपणा तेलकट चव कापतो, म्हणजे जे काम वाईनचा आंबटपणा करतो, ते इथे चहा करतो. कोकम सरबतही फार शोभते, फक्त साखर निम्मी करावी आणि जिरे घालू नये. सोलकढीचा मोह मला झाला होता, परंतु नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा आणि साट्याचे तेल एकत्र आल्यावर जड वाटते. तिखट चटणीच्या रोलबरोबर सोलकढी चालेल, शाओबिंगबरोबर नको.

सारणासाठी श्रावणात बांबूचे कोवळे कोंब घ्यावेत. आपल्याकडे काही भागांत त्यांना वास्ते म्हणतात. चिनी स्प्रिंग रोलमध्ये ते असतातच, त्यामुळे ही तडजोड नाही. कोंब कच्चे कधीही वापरू नयेत, कारण त्यांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. पातळ चिरून भरपूर पाण्यात उघड्या भांड्यात चांगले उकळावेत, ते पाणी फेकावे आणि नव्या पाण्यात पुन्हा उकळावेत. मग पिळून कोबीच्या सारणात एक वाटी मिसळावेत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, मिळते. ती उकडून हाताने धागे सुटे केले, तर कॅन्टन भागातल्या 'चार सिऊ', म्हणजे गोडसर भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या, सारणासारखे करता येते. कुयरीला सोया सॉस, गूळ, आले आणि पाच मसाल्यांची पूड लावून, पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावी. चक्रफूल, लवंग, दालचिनी, बडीशेप आणि सिचुआन मिरीच्या जागी तिरफळ, असा मसाला घरी कुटता येतो. हे सारण साट्याच्या पिठात भरून भाजले, तर मला मूळ पदार्थापेक्षाही आवडते, हे मी निःसंकोच सांगते.

टिकण्याबद्दल सांगायचे, तर पावसात स्प्रिंग रोल ओव्हनमधून काढल्यापासून अर्ध्या तासात संपवावेत. ते झाकून ठेवू नयेत, जाळीवरच ठेवावेत. शाओबिंग पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, तर दुसऱ्या दिवशीही चालते. खाण्याआधी १८० अंशांना पाच मिनिटे ठेवावी. सादळलेली वस्तू बिघडलेली नसते. तिने हवेतले पाणी ओढलेले असते, आणि ते पाणी उष्णतेने पुन्हा घालवता येते.

रापण

आपण सांगितल्याप्रमाणे कोबी पिळून आणि जाळी वापरून काल पुन्हा रोल भाजले. कुरकुरीत झाले, हे मोकळेपणाने मान्य करतो. तळलेल्याची सर त्याला नाही, या मतावर मी अजून ठाम आहे, तरी आईला डॉक्टरांनी तळण बंद केले असल्यामुळे तिला दोन वर्षांनी स्प्रिंग रोल खाता आला, आणि त्याचे समाधान मोठे आहे.

आता माझ्याकडून कोळंबी टोस्टची भर. २०० ग्रॅम सोललेली कोळंबी धुऊन, फडक्याने अगदी कोरडी करून घ्यावी. तिची निम्मी बारीक वाटावी आणि निम्मी जाडसर चिरावी. त्यात पाव चमचा मीठ घालून एकाच दिशेने चांगली फेटावी. मिठामुळे कोळंबीतली प्रथिने सुटून मिश्रण चिकट होते आणि पावाला धरून राहते. नंतर एका अंड्याचा पांढरा बलक, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर, आल्याचा रस आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग घालून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. स्लाइस पाव आदल्या दिवशीचाच घ्यावा. त्रिकोणी कापून खालच्या बाजूला तेल लावावे, वर मिश्रण कडेपर्यंत पसरावे आणि तीळ दाबावेत. २०० अंशांना १२ ते १४ मिनिटे पुरतात. लादीपाव वापरू नये, तो फार ओला असतो.

याच्यासोबत मी घरात असलेली रेड वाईन घेतली आणि तोंडात लोखंडासारखी चव आली. दोष कोळंबीचा की वाईनचा?

सागरगोटा

दोष जोडीचा आहे, रापणदादा. रेड वाईनमध्ये लोहाचे प्रमाण जास्त असू शकते. हे लोह मासळीतल्या स्निग्ध पदार्थांशी संयोग पावते आणि त्यातून हिंवस, धातूसारखी चव तयार होते. शिवाय तिच्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य सोया सॉससोबत अधिक कडू आणि तुरट लागते. कोळंबी टोस्टला सोविन्याँ ब्लाँक घ्यावी. तिच्यातली हिरवी, गवतासारखी छटा पातीच्या कांद्याशी आणि आल्याशी छान जुळते.

हाच धोका सोड्यांच्या बाबतीत अधिक आहे, हे इथेच सांगून ठेवते. चिनी स्वयंपाकात सुकवलेली सोललेली कोळंबी सर्रास वापरतात, आणि ती म्हणजे आपले सोडेच. मी शाओबिंगमध्ये ते घालते. अर्धी वाटी सोडे २० मिनिटे कोमट पाण्यात भिजवून, पिळून, बारीक चिरून, थोड्या तेलात खमंग परतते आणि साट्यावर पातीच्या कांद्याबरोबर पसरते. सुकताना त्यांच्या स्निग्धांशाचे ऑक्सिडेशन आधीच झालेले असते, म्हणून रेड वाईन त्यांच्या जवळपासही आणू नये. कोरडी ब्रूट किंवा थंड सोविन्याँच घ्यावी.

सुरंगी

वाईन विकत घेण्याविषयी एक सूचना करावीशी वाटते. गेल्या मे महिन्यात एका दुकानातून आणलेली व्हाइट वाईन घरी उघडली, तर रंग गडद पिवळा आणि वास शिळ्या सफरचंदासारखा होता. नंतर लक्षात आले, की त्या दुकानात बाटल्या काचेच्या दर्शनी कपाटात उन्हात ठेवलेल्या असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशा बाटलीचे काय होत असेल, याची कल्पना सहज करता येते. तेव्हापासून मी बाटलीवरचे द्राक्षहंगामाचे वर्ष पाहून सर्वांत अलीकडची बाटली मागते आणि ती दुकानातल्या फ्रीजमधलीच घेते.

सागरगोटा

अगदी योग्य सूचना. आपल्या राज्यात वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते, आणि या हलक्या व्हाइट वाईन ताज्या असतानाच पिण्यासाठी केलेल्या असतात. त्या वर्षानुवर्षे साठवू नयेत. घरी आणतानाही बाटली गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवू नये. व्हाइट वाईन ८ ते १० अंशांना आणि ब्रूट त्याहून थोडी थंड द्यावी. फ्रीजमधून काढल्यावर दहा मिनिटे थांबावे, असे जे थंड हवेच्या देशांत सांगतात, ते आपल्या बत्तीस अंशांच्या स्वयंपाकघरात लागू होत नाही. पेला थोडासाच भरावा आणि बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी.

चटणीचे प्रमाण द्यायचे राहिले होते. चिनी लोक अशा पदार्थांबरोबर झेनजियांगचा काळा व्हिनेगर घेतात. मी त्याऐवजी कोकमाचे आगळ, म्हणजे मीठ घातलेला दाट रस, वापरते. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा आगळ, दीड चमचा किसलेला गूळ, किसलेले आले, भाजून भरडलेले तीळ आणि दोन चमचे पाणी एकत्र करावे. आगळात मीठ असतेच, म्हणून चव घेऊनच सोया सॉस वाढवावा. चटणी वाईनपेक्षा जास्त आंबट होऊ देऊ नये, कारण मग वाईन पाणचट आणि निर्जीव लागते. हे मी तीन बाटल्या वाया घालवून शिकले.

गडनदी

चटणी करून पाहिली. आमच्याकडे आगळ फार दाट निघते, म्हणून पाऊण चमचाच घातले आणि शेनिन ब्लाँकबरोबर ते नेमके जुळले. शाओबिंगमध्ये मैद्याऐवजी नाचणी घालण्याचा प्रयत्नही केला. निम्मी नाचणी घातली, तेव्हा वळकटी लाटताना तडकली आणि पदर सुटले नाहीत. पाचवा हिस्सा घातली, तेव्हा पदर सुटले आणि रंग व खमंगपणा चांगला आला. त्यापुढे जाऊ नये, असे वाटते.

माडाची सावली

काल दुपारी बाहेर मुसळधार पाऊस असताना शाओबिंग केल्या. चिरोट्याचा साटा सासूबाईंनी आयुष्यभर केलेला असल्यामुळे वळकटी त्यांनीच केली, आणि मैदा तेलात परतताना किती बदामी व्हावा, हेही त्यांनी वासावरूनच सांगितले. जाईचा चहा घरी नव्हता, म्हणून साध्या चहापत्तीत अंगणातल्या जाईच्या कळ्या रात्रभर ठेवून चहा केला. आठांपैकी एका शाओबिंगचे टोक नीट मिटले नव्हते, तिच्यातला साटा ट्रेवर सांडून करपला. बाकीच्या सात मात्र उत्तम फुगल्या. येत्या रविवारी वास्ते घालून रोल करणार आहोत. कोंब दोनदा उकळल्यावरही थोडा कडूपणा राहिला, तर तिसऱ्यांदा उकळावेत का?

सागरगोटा

हो, कडूपणा पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलून उकळावेत आणि झाकण अजिबात ठेवू नये. उकडलेल्या कोंबाचा एक तुकडा चाखून पाहिल्याशिवाय सारणात घालू नये. टोक सुटण्याचे कारण बहुधा साटा कडेपर्यंत लावणे हे असेल, तेव्हा पुढच्या वेळी चारही बाजूंनी बोटभर जागा कोरडी सोडावी. सासूबाईंनी साट्याचा बदामी रंग वासावरून कसा ओळखला, हे त्यांना विचारून इथे लिहाल का? मी अजून घड्याळ पाहूनच परतते.